परत आणायचा खर्च

यासीन शेख सरांची आणि माझी ओळख एका फळ्यामुळे झाली, आणि त्याच फळ्यानं त्या दिवशी सरांचं व्याख्यान पार बुडवलं. षष्ट्यब्दीच्या ग्रंथात अशी सुरुवात करू नये, एवढं मलाही कळतं. पण "सुमनबाई, सरांशी सगळ्यात जास्त तुम्हीच भांडलात, तेव्हा तुम्हीच लिहा," असं संपादक मंडळानं म्हटल्यावर मी काय आरत्या ओवाळणार?

नव्वद सालानंतरची गोष्ट. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मी लग्न होऊन वडगाव रासाईला आले आणि गावच्या हायस्कुलात मराठीची शिक्षिका म्हणून लागले. पहिलाच आठवडा. सकाळी शाळेत शिरले तर फाटकापाशी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "आज दुपारी चार वाजता शेख सरांचे व्याख्यान. अवकाश आहे." शिपायाला सांगितलं होतं, 'विषय अवकाश' असं लिही. त्याला वाटलं, वाक्य अर्धवट राहतंय, म्हणून त्यानं क्रियापद जोडलं आणि विषय खाऊन टाकला. मग काय! येणारा-जाणारा वाचायचा, "आवकाश हाय म्हंजी अजून येळ हाय," म्हणायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. गावकरी गेले, मुलं गेली, शिक्षकही गेले. चार वाजता हॉलमध्ये मी एकटी, आणि तीसुद्धा जायचं कुठं ते ठाऊक नसल्यामुळे बसलेली.

सरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खडू घेतला आणि हॉल खच्चून भरल्यासारखं बोलायला सुरुवात केली. अंतराळात माणूस पाठवणं का गरजेचं आहे, हा त्यांचा विषय. बोलले मात्र असे की मी वही काढायची विसरले. शेवटी नेहमीच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मी उभी राहिले. म्हटलं, "शंका नाही सर, तक्रार आहे. नववीच्या वर्गाचे पत्रे उडालेत. मुतारीला दार नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसली गत. आधी पोटोबा मग विठोबा, आणि तुमचा विठोबा तर पार चंद्राच्या पलीकडं!"

नव्यानं आलेल्या बाईनं असं तोंडावर बोलावं, तर दुसरा कुणी रागावला असता. सर मनापासून हसले. म्हणाले, "बाई, व्याख्यानाला एकच माणूस आला, पण खणखणीत आला. उद्या मधल्या सुट्टीत या. हे भांडण अर्धं सोडायचं नाही." ते भांडण सर निवृत्त झाले तरी अजून चालूच आहे. त्यांच्या माघारी सगळी शाळा त्यांना 'अवकाश सर' म्हणायची, ते दोन कारणांनी. एक तर त्यांचा विषय. दुसरं, कुणी घाई केली की ते हमखास म्हणायचे, "अवकाश आहे, अवकाश आहे." घंटेला अवकाश आहे, परीक्षेला अवकाश आहे, एसटीलाही अवकाश आहे. एसटी मात्र बरेचदा निघून गेलेली असायची.

सर इथलेच. त्यांचे वडील बैलांच्या पायांना नाल मारायचे. आठवडी बाजारात त्यांची जागा ठरलेली असे. सर सांगतात, नाल ठोकून झाला, शेतकरी बैल घेऊन निघाला, तरी वडील दुसऱ्या बैलाला हात लावत नसत. पहिला बैल वळणाआड जाईपर्यंत त्याच्या चालीकडे बघत राहायचे. लंगडत नाही ना, एवढंच बघायचं असायचं. सरांची शिकवण्याची रीत अगदी तीच. मुलाला उत्तर आलं म्हणजे काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या घरी ते चौकशीला जात. कारखान्यावर लागलेल्या, शिरूरला दुकान टाकलेल्या, सासरी गेलेल्या, सगळ्यांच्या.

एकदा सरांनी नववीचा वर्ग दौंड जंक्शन दाखवायला नेला. माहेर माझं, म्हणून मला वाटाड्या केलं. डिझेल इंजिनाच्या ड्रायव्हरना सरांनी मुद्दाम मुलांसमोर विचारलं, "सिग्नल आपोआप पडतो, रूळ तर वळूच देत नाहीत, मग तुम्ही कशाला?" ड्रायव्हर म्हणाले, "मास्तर, रुळावर म्हैस बसली तर सिग्नल काय करनार?" सरांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. यंत्राला सांगितलेलं तेवढंच कळतं, न सांगितलेलं बघायला माणूस लागतो, हा त्यांचा जुना मुद्दा. मी म्हटलं, "सर, चंद्रावर म्हैस नाही." मुलं खो-खो हसली. परतीच्या वाटेवर सर एका मुलाला हळूच म्हणाले, "नाही कशावरून? बाई जाऊन आल्यात का?"

माझी आई आजारी होती तेव्हाची गोष्टही सांगायलाच हवी. मी दौंडला आईच्या उशाशी, इकडे दहावीची सहामाही तोंडावर. सरांनी कुणाला न विचारता माझे मराठीचे तास उचलले. भौतिकशास्त्राच्या माणसानं अलंकार शिकवले. आई बरी झाली, मी परत आले आणि सहामाहीचे पेपर तपासायला बसले. उत्प्रेक्षेचं उदाहरण म्हणून निम्म्या वर्गानं लिहिलं होतं: 'यान जणू गोफणीतून सुटलेला धोंडाच.' माझी हसून मुरकुंडी वळली. पूर्ण गुण दिले, कारण उत्प्रेक्षा बरोबर होती. सरांना विचारलं तर म्हणाले, "तुमचा चंद्र सारखा मुखाला लावून लावून झिजला बाई, म्हणून मी यान लावलं."

एरवी आमचं भांडण असं हसतखेळत चाले. दर वर्षी विज्ञान दिनाला शाळेत वादविवाद व्हायचा, त्यात अंतराळात माणूस पाठवण्याच्या बाजूनं सर मुलं तयार करायचे आणि विरोधातली मी. पण एका वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ती बातमी आली. अमेरिकेचं यान अंतराळातून परत येत होतं. उतरायला थोडकं राहिलं असताना ते आकाशातच तुटलं, आणि आत बसलेलं कुणीही परतलं नाही. त्यात आपल्या देशात जन्मलेली एक बाई होती. आमच्या मुलींच्या वह्यांच्या कव्हरांवर तिचा फोटो असायचा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी चार शब्द बोलावेत असं ठरलं. सर पुढं आले, उभे राहिले, आणि तसेच मागं जाऊन बसले.

मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि जे मनात होतं ते बोलले. आवाज चढलेलाच होता. "सर, पैशाचं मी आता काही म्हणत नाही. पत्रे उडाले तर पुन्हा घालता येतात. पण त्या माणसांच्या घरी दार उघडं ठेवून बसले असतील ना लोक? त्यांना काय सांगायचं? खर्च योग्य होता म्हणून?" सरांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बाई, माझ्यापाशी उत्तर नाही. मला जरा अवकाश द्या." त्या वर्षी वादविवाद झाला नाही. हा माणूस आता आपल्या आवडत्या विषयाकडं पाठ फिरवतो की काय, अशी मला भीती वाटायला लागली. भांडणात जिंकणं वेगळं आणि समोरचा असा विझून जाणं वेगळं. मला तसलं जिंकायचं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात जे घडलं, त्यासाठी खरं म्हणजे मी हा लेख लिहिते आहे.

दुष्काळ होता. भीमेच्या पात्रात नुसती वाळू. आमच्या वरच्या रानात सासऱ्यांच्या वेळची एक जुनी विहीर कितीतरी वर्षं बंद पडलेली होती. आत बाभळीच्या फांद्या, पालापाचोळा, काय काय कुजत पडलेलं. आमच्या ह्यांनी ती साफ करून खोल करायला काढली. काठावर गाळ वर ओढायची यारी लागली होती, आणि खडकाला भोकं पाडायला कॉम्प्रेसर लावलेला ट्रॅक्टरही येऊन उभा होता. विहीर खोदायला लागलं की खडकाचे थर बघायला शेख सर हमखास येत. तसे ते त्या दिवशीही सकाळी आले. मी चहा घेऊन गेले होते.

यारीवरचा बबन हा कामाला वाघ. तो पहिल्यांदा खाली उतरला, फावड्यानं गाळ हलवला, आणि दोन-चार वेळा मारल्यावर फावडं टेकून उभा राहिला. वरून कुणी तरी म्हणालं, "आरं दमला का काय?" बबन हळूच खाली बसला आणि कुशीवर कलंडला.

"बबन! ए बबन!" खालून नुसतं कण्हणं ऐकू आलं. आमच्या ह्यांनी चपला भिरकावल्या आणि दोर धरला. हे रांगडे, मनानं मऊ, आणि विचार करायचा तो काम झाल्यावर. एक पाय विहिरीत गेलासुद्धा होता. तेवढ्यात शेख सरांनी मागून धावत येऊन ह्यांच्या कमरेला मिठी घातली आणि दोघंही गाळाच्या ढिगावर आपटले. ह्यांचा सदरा टरकन् फाटला.

"अवकाश आहे!" सर ओरडत होते. "आप्पासाहेब, थांबा! अवकाश आहे!"

काठावर ह्यांचे चुलते तुकाआबा उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, हित मानूस मराय लागलाय आन् तुमी आवकाशाचं काय काढलंय? आवकाश वर, मानूस खाली!"

"आबा, खाली हवाच नाही!" सर म्हणाले. "बबन पडला तसे हेही पडतील. मग ह्यांना काढायला तिसरा उतरेल. कंदील कुठाय?"

यारीच्या खोपटात कंदील होता. तो पेटवून दोराला बांधून खाली सोडला. तळाच्या थोडा वरच तो पटकन विझला. आमचे हे सरांच्या हातातून सुटायची धडपड करत होते, ते एकदम गप्प झाले. मला पुढचं काही दिसेना. एवढंच कळलं, की सरांनी मिठी मारली नसती तर आत्ता माझं माणूस त्या विझलेल्या कंदिलाच्या खाली असतं.

पण बबनही कुणाचा तरी होताच की! त्याची बायको पाटसजवळच्या खोपीवर पोरगी कडेवर घेऊन भाकरी थापत असणार. सरांनी कॉम्प्रेसर चालू करायला लावला. रबरी नळीला दगड बांधून ती बबनच्या बाजूला सोडली, आणि हवा सूं सूं करत खाली सुटली. दुसरीकडून लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत खालीवर, खालीवर करायला सांगितला, म्हणजे कोंडलेली हवा ढवळली जाईल. मग कंदील परत पेटवून सोडला. तो तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. "कंदील सगळं सांगत नाही," सर म्हणाले, "म्हणून नळी बंद करायची नाही."

आता काय? बबन हलत नव्हता. कंदील खाली गेला होता, नळी गेली होती, पण कंदिलाला काही बबनच्या काखेतून दोर घालता येत नव्हता. माणूसच जायला हवा होता. तिथं उभ्या असलेल्यांत दोरावर चढायची-उतरायची सवय असलेला, अंगानं दणकट, असा एकच होता, आणि तो माझा नवरा.

सरांनी ह्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलं. खाली कंदील जळतोय, नळी चालू आहे, चौघं दोर धरून उभे आहेत. तरी तो हो म्हणायचा क्षण मी जन्मात विसरणार नाही. सगळी वर्षं मी सांगत आले, की जिवंत माणसाला असल्या धोक्यात घालू नये, मग कारण काहीही असो. आणि आता तो धोका माझ्या कुंकवाला होता. मी म्हटलं, "जाऊ द्या त्यांना. पण दोर तुम्ही धरा सर."

सरांनी ह्यांच्या कमरेला दोर स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, नाकातोंडाला ओलं फडकं गुंडाळलं. "डोकं जरा जरी गरगरलं तरी दोराला हिसका द्यायचा. बबन निघो न निघो, आम्ही तुम्हाला ओढणार. शहाणपणा करायचा नाही." हे मान हलवून माझ्याकडं वळले, "येतो गं," म्हणाले आणि उतरले.

आता खोटं कशाला सांगू, मी विहिरीत बघितलंच नाही. मी सरांच्या हातांकडं बघत होते. दोर सरकत होता तसे ते हात सरकत होते. ओठांतल्या ओठांत ते काही तरी म्हणत होते. माझ्या तोंडी रासाई देवी होती, त्यांच्या तोंडी त्यांचा अल्ला असणार. खालून ह्यांचा आवाज आला, "वढाऽऽ!" यारीचा दोर ताठ झाला आणि बबन वर आला. चेहरा काळानिळा, पण छाती हलत होती. त्याच्या मागोमाग हे आले. काठावर हात टेकला, वर आले, फडकं काढलं आणि म्हणाले, "लय घाण वास मारतंय खाली."

माझा जीव भांड्यात पडला आणि मीही तिथंच मटकन बसले. हसत होते का रडत होते, मलाच कळत नव्हतं. सरांना म्हटलं काय, तर "नवा सदरा फाडलात ना ह्यांचा!" सर म्हणाले, "शिवून देतो बाई." तुकाआबा म्हणाले, "ह्या बाईला गप कसं बसायचं त्येच ठावं न्हाई." आणि मग सगळा काठ हसायला लागला. बबनला जीपमधून दौंडला नेलं. तो वाचला, बरा झाला, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या यारीवर दिसला. त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघं आणि सर असे तिघंही जेवून आलो.

संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर बसले होते. हात सोलवटलेले, त्यांना हळद लावून दिली होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही अवकाश आहे म्हणालात, पण बबनला कुठं अवकाश होता?"

"अजिबात नव्हता," सर म्हणाले. "एक-एक क्षण चालला होता. पण आप्पासाहेबांना थांबवायला दुसरा शब्दच सुचला नाही. सवय, दुसरं काय."

मग त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. नंतर स्वतःहूनच बोलले. "बाई, फेब्रुवारीत तुम्ही विचारलं होतं. आज सांगतो. कंदील खाली सोडताना आपण कुणीच घाबरलो नाही. तो विझला, परत पेटवला. आप्पासाहेब उतरले तेव्हा मात्र चौघं दोर धरायला लागले, कॉम्प्रेसर लागला, माझे हात सोलले, तुमचा जीव अर्धा झाला. यंत्र स्वस्त असतं, कारण त्याची वाट कुणी बघत नाही. माणूस महाग पडतो, कारण त्याला परत आणायचं असतं. माणूस पाठवायच्या खर्चातला मोठा वाटा जाण्याचा नसतोच बाई, परत आणण्याचा असतो. ज्याला तो खर्च जड वाटतो, त्यानं माणूस पाठवूच नये. कंदील पाठवावा."

"आणि ज्यानं सगळा खर्च केला, तरी माणूस परत आला नाही तर?"

"त्याचं उत्तर अजूनही माझ्यापाशी नाही," सर म्हणाले. एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. पण फेब्रुवारीपासून जो चेहरा विझला होता, तो त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मला फार बरं वाटलं. मला सगळं पटलं म्हणून नाही, तर उद्यापासून पुन्हा भांडायला माणूस मिळाला म्हणून. त्या दिवशी मी माझं एक वाक्य मात्र बदललं. 'माणूस पाठवूच नये' असं मी पुन्हा म्हटलं नाही. पोटोबाबद्दल माझं मत आहे तिथंच आहे, आणि नववीचे पत्रे शेवटी आम्ही दोघांनी मिळूनच संस्थेच्या मागं लागून घालून घेतले.

त्यानंतर सर बाजाराच्या दिवशी काठी, दोर आणि कंदील घेऊन गावोगाव हिंडले. शिरूर तालुक्यात, नदीपलीकडं दौंड तालुक्यात, जिथं जुनी विहीर उकरायला काढली असेल तिथं. आधी कंदील, मग हवा, मग माणूस, आणि माणसाच्या कमरेला दोर. लोक आधी चेष्टा करायचे, मग ऐकायचे. निवृत्तीनंतरही हे काम त्यांनी सोडलेलं नाही. गुडघे दुखतात, घरी भाभी ओरडतात, तरी जातात.

यंदा आपलं यान चंद्राकडं निघालं, तेव्हा शाळेनं सरांना मुद्दाम बोलावलं होतं. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ह्याच्यात माणूस का न्हाई?" मी कान टवकारले. सर म्हणाले, "बाळ, जायला जमलंय. परत आणायला अजून आपल्याला शिकायचंय. ते शिकलो की पाठवू." घाई नाही, कमीपणा नाही, उगाच छाती फुगवणं नाही. मागच्या रांगेत बसून मी एक मोठा सुस्कारा सोडला. असा माणूस मुलांसमोर उभा आहे, तोवर काळजी नाही.

सर, साठी म्हणजे काही फार नव्हे. तुमचे गुडघे बरे राहोत, नजर चांगली राहो, भाभींच्या हाताला चव राहो आणि त्यांच्या ओरडण्यालाही धार राहो. तुम्हाला उदंड आयुष्य हवं असं सगळेच लिहितील. मला ते का हवं, तेवढं सांगते. एक ना एक दिवस इथून आपलं माणूस वर जाणार, हे आता मलाही दिसायला लागलंय. ते निघेल तेव्हा सगळा गाव टीव्हीसमोर टाळ्या वाजवेल, तेव्हा तुम्ही कुठंही बसा. पण ते परत यायला निघेल, उतरायला थोडकं राहिलं असेल, तेव्हा मला टीव्हीकडं बघवणार नाही. तेव्हा माझ्या शेजारी तुम्ही असायला हवेत. ते सुखरूप उतरल्याचं मी तुमच्या तोंडूनच ऐकणार आहे.